अक्काचे उंदीर आणि मामांचा राग

उंदीर चावला म्हणून जिचा चेहरा आनंदानं उजळतो अशी बाई या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि ती माझी आत्येबहीण आहे. एका रविवारी ती नांदेडच्या आमच्या घरी उजव्या हाताचं बोट वर धरून आली. बोटाला पांढरी पट्टी. माझ्या बायकोनं घाबरून विचारलं, "अक्का, काय झालं हो?" तर अक्का खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "चावला! एकशे चौदा नंबर. हात आत घातला न घातला तोच! बाकीचे कोपऱ्यात पळतात, हा सरळ अंगावर आला." पोरगं दहावीला बोर्डात आलं की आई ज्या आवाजात गल्लीला सांगते, तो आवाज. बायको माझ्याकडे बघायला लागली. या पाहुणीचं अभिनंदन करायचं की तिला डॉक्टरकडे न्यायचं, हे तिला समजेना. शेवटी तिनं दोन्हीच्या मधला मार्ग काढला आणि चहा ठेवला.

अक्का नांदेडलाच प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेला वेळ पांढऱ्या उंदरांवर संशोधन करते. आमच्या घराण्यात उंदीर मारणारे पुष्कळ होऊन गेले. उंदीर पाळायला सरकारकडून परवानगी काढणारी ही पहिलीच. तिच्या उंदरांतल्या एका जातीत एक जनुक बिघडलेलं आहे. बिघडलेलं म्हणजे काय, हे तिनं मला माझ्याच लग्नपत्रिकेवरून समजावून सांगितलं. माझ्या पत्रिकेत छापखान्यानं 'आपले आगमन प्रार्थनीय आहे' यातला एक 'आ' खाल्ला होता. त्यामुळे सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना मी 'आपले गमन प्रार्थनीय आहे' असं छापील कळवलं होतं. "तसंच," अक्का म्हणाली, "एवढ्या मोठ्या मजकुरातलं एकच अक्षर गेलं. बाकी पत्रिका शाबूत. पण अर्थ बघ कुठल्या कुठं गेला." पिल्लू आईच्या पोटात असताना मेंदूच्या पेशी आपापल्या जागी जाऊन बसत असतात. हे अक्षर गेलं की काही पेशी जागेवर पोचतच नाहीत. पंगतीला निघालेले निम्मे पाहुणे दारातच गप्पा मारत उभे राहावेत तसं होतं. मग हे पिल्लू मोठं झालं की दुसरा उंदीर दिसताच त्याच्या अंगावर धावतं. अक्षर, पेशी आणि चावा या तिघांमधला रस्ता शोधायचा, हे अक्काचं काम. या रस्त्यावर ती गेली कित्येक वर्षं चालते आहे, आणि कुणी "कुठवर आलं?" असं विचारलं की हसून म्हणते, "आत्ता तर कुठं फाटा दिसून राहिला."

हा प्रश्न तिला पडला कधी, तर मला वाटतं वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी, कंधारला, पिठाच्या गिरणीत. गिरणी तिच्या वडिलांची. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा हे उंचीला बेताचे आणि रागाला बेसुमार. गिरणीचा पट्टा एकदा सारखा निसटायला लागला तेव्हा त्यांनी मोटारीला लाथ घातली. मग आठ दिवस लंगडत होते. आणि कुणी विचारलं की सांगत, "मी नाही, मोटारीनं सुरुवात केली." ओलसर ज्वारी दळायला आणली म्हणून एका बाईचा डबा त्यांनी भर रस्त्यात भिरकावला होता. त्यानंतर तासाभरानं तेच मामा दुसरी कोरडी ज्वारी दळून, डबा घासूनपुसून, खाली मान घालून त्या बाईच्या घरी पोचवून आले. हे त्यांचं नेहमीचं. पण त्या दोन्हींच्या मधला वेळ फार वाईट असे. आत्या आत जाऊन बसे, गिऱ्हाइकं लांब सरकत, आणि अक्काचा धाकटा भाऊ पोत्यामागं दडे. अक्का मात्र समोरच्या पोत्यावर बसून बापाकडे टक लावून पाही. पुढं तिनं राग किती वेळ टिकतो ते भिंतीवरच्या घड्याळात बघायला सुरुवात केली. मी सुट्टीत तिकडं गेलो की ती मला कानात सांगे, "काल बारा मिनिटं. आज सातच. कामून असंल?" मला त्या वयात घरातलं गुळाचं मडकं सोडून दुसऱ्या कशाचंही कुतूहल नव्हतं. ती मात्र खरंच विचारत होती. भीती वाटायच्या ठिकाणी तिला प्रश्नच पडे. आता वाटतं, भीती न वाटण्याचा तेवढा एकच उपाय त्या पोरीला सापडला असावा.

माणूस आपल्या धंद्यासारखा होतो म्हणावं तर अक्का उंदरासारखी मुळीच झालेली नाही. पण ती माणसांकडे बघते ते उंदीर समजूनच. उंदीर भांडायच्या आधी समोरच्याला हुंगतो, मग शेपूट जमिनीवर आपटतो आणि मग झेप घेतो, हे तिनं हजार वेळा पाहिलंय. त्यामुळे कुठंही दोन माणसांचा आवाज चढला की ही आपली कामं टाकून कडेला उभी राहते. आमच्या शेजाऱ्यानं एकदा माझ्या फाटकासमोर आपली मोटरसायकल लावली. मी बाह्या सरसावून खाली गेलो, चांगली दहा मिनिटं त्याला कायदा ऐकवला आणि विजयी मुद्रेनं वर आलो. अक्का गॅलरीत उभी होती. "तू नुसता शेपूट आपटतोस," ती शांतपणे म्हणाली. "तू चावणाऱ्यातला न्हाईस. त्यालाबी कळलंय ते." मी खाली वाकून पाहिलं. मोटरसायकल तिथंच होती.

वासाचं तिला मोठं वेड. उंदराचं सगळं जग नाकात असतं, म्हणून ती पावडर लावत नाही, गजरा माळत नाही, वासाचा साबण घरात येऊ देत नाही. एका लग्नात दारातच कुणीतरी कौतुकानं तिच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. बाई नवरा-नवरीचं तोंड न बघता घरी परतली, तीनदा आंघोळ केली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यांकडे गेली नाही. "त्यांना वाटंल कोण परकी बाई आली," असं तिनं कारण सांगितलं. उंदरांना ती नावं ठेवत नाही. नुसते नंबर. नाव ठेवलं की डोळ्यांत पक्षपात येतो, असं तिचं म्हणणं. पण एकशे चौदाचा विषय काढताना तिच्या आवाजात जो ओलावा येई, तो मी तिच्या पुतण्या-भाच्यांच्या वाट्याला आलेला पाहिलेला नाही. आत्याला वाटे, लेक एवढा जीव लावते तर आपणही काही केलं पाहिजे. म्हणून नांदेडला येताना ती वाटेत कुणाकडून तरी अर्धापूरची केळी मागवून घेई आणि आजाऱ्याला न्यावीत तशी "तुझ्या उंदरांना" म्हणून अक्काच्या हाती ठेवी. त्यांना ठरलेल्या खाण्याशिवाय काही चालत नाही, हे अक्कानं तिला दहा वेळा सांगितलं. शेवटी ती केळी मी खाऊ लागलो. आत्या समाधानानं विचारी, "खाल्ली का गं त्यांनी?" अक्का माझ्याकडे बघून म्हणे, "हाव, एकानं लई खाल्ली."

असं सगळं हसतखेळत चाललं असताना लातूरचं प्रकरण झालं.

अक्काचा धाकटा भाऊ धर्माबादला सरकारी नोकरीत आहे. मवाळ गडी. बसमध्ये आपल्या जागेवर दुसरा बसला तर त्याची झोपमोड नको म्हणून हा उभा राहील. त्याच्यासाठी लातूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगी दवाखान्यात नर्स, वडील शाळेतून निवृत्त झालेले. आम्ही मंडळी गेलो. मामा, आत्या, अक्का, भाऊ आणि गाडी चालवायला मी. जयभीम झाला, पोहे झाले, पोरापोरीचं पाच मिनिटं आतल्या खोलीत बोलणं झालं. दोघंही हसत बाहेर आली तेव्हा आत्यानं मनातल्या मनात साड्यासुद्धा घेऊन टाकल्या असतील. तेवढ्यात मुलीच्या आईनं पदर सावरत, अगदी नरम आवाजात विचारलं, "राग नका मानू, पण आमच्या कानावर आलं, मुलाचे वडील जरासे तापट हायेत म्हणून?"

मामा छताकडे पाहू लागले. मी "छे छे" म्हणायला तोंड उघडलं. त्याआधीच अक्का म्हणाली, "हाव. जरासे न्हाईत, लई."

आत्यानं डोळे मिटले. मुलीचे वडील पुढं सरकून बसले. मास्तर माणूस, त्यांनाही प्रश्न विचारायची सवय. "तुम्ही तर यातच संशोधन करता म्हणे. मग सांगा, हे रक्तातून पुढं येतं का?"

"उंदरात येतं. एका जनुकानं फरक पडतो, मी रोज बघते."

"आणि माणसांत? मुलात?"

इथं कुणीही शहाणी बहीण "नाही" म्हणून मोकळी झाली असती. अक्का विचार करत राहिली. सगळी खोली तिच्याकडे बघत होती. "माहीत न्हाई," ती म्हणाली. "माणसाचं एका अक्षरावर ठरत नसावं. पण मला माहीत न्हाई."

"विचार करून कळवतो," मास्तर म्हणाले. या वाक्याचा अर्थ महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे.

परतीच्या वाटेवर मामा अहमदपूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. असं याआधी कधी झालेलं नव्हतं. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. अहमदपूरच्या स्टँडजवळ मामा म्हणाले, "थांबव." मी गाडी थांबवली. आम्हाला वाटलं, आता भडका. मामा खाली उतरले, दार हळूच लावलं, खिडकीतून लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी उंदीर हाय का गं?"

मामा वळले आणि कंधारच्या बसकडे चालायला लागले. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले असते तर बारा मिनिटांत मिटलं असतं.

पुढचे तीन आठवडे मामा अक्काशी बोलले नाहीत. ती फोन करी, आत्या उचली, मागं गिरणीचा आवाज येई आणि मामा गिरणीतच असत. भाऊही नीट बोलेना. "खरं बोलायची एवढी काय घाई होती तुला?" एवढंच तो एकदा म्हणाला. अक्का वाळली. माझ्याकडे येऊन बसे आणि भिंतीकडे पाही. एकदा म्हणाली, "मी खोटं बोलायला पाहिजे होतं का रे?" मी म्हणालो, "थोडंसं." ती म्हणाली, "थोडं खोटं कसं बोलतात, ते मला कुणी शिकवलंच न्हाई." तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

आणि एका दुपारी मामा नांदेडला माझ्या दारात उभे राहिले. पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी. सदऱ्याच्या शिवणीत पीठ अडकलेलं होतं. "चल," म्हणाले, "तिचे उंदीर दाखव मला."

मी अक्काला फोन केला. तिनं आधी परवानगी काढली. मामांना पांढरा कोट घातला, तोंडाला पट्टी लावली, पायांत पिशव्या चढवल्या, टोपी काढायला लावली. माझ्या हयातीत मामांची टोपी दुसऱ्या कुणी काढायला लावलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी मुकाट्यानं काढली आणि माझ्या हातात दिली. अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे उंदरांच्या खोलीत, थंडगार होतं. मांडण्यांवर ओळीनं पारदर्शक पिंजरे होते, आणि प्रत्येकात भुशात बसलेला एकेक पांढरा जीव. मामा एका पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसले. त्या दिवशी चाचणी होतीच. अक्कानं त्या पिंजऱ्यात एक पाहुणा उंदीर सोडला. आतल्यानं कान टवकारले, जवळ आला, हुंगलं, शेपूट आपटली, आणि झेप! अक्कानं त्याच क्षणी पाहुण्याला उचलून बाजूला घेतलं. "आम्ही लागू देत न्हाई कुणाला," ती म्हणाली. तीन आठवड्यांनी ती बापाशी बोलली, ते हे वाक्य.

मामा काचेतून त्या उंदराकडे पाहात राहिले. तो अजून इकडंतिकडं धावत होता. समोर कुणी नव्हतं तरी शेपूट आपटत होता. मग हळूहळू थांबला, कोपऱ्यात गेला आणि पुढच्या दोन पायांनी तोंड पुसायला लागला.

शेजारच्या पिंजऱ्यात तसाच दुसरा होता. अक्कानं त्याच्याकडे पाहुणा सोडला. त्यानं हुंगलं, एक चक्कर मारली आणि भुसा उकरत बसला.

"ह्याचं अक्षर शाबूत असंल," मामा म्हणाले. म्हणजे आगमन-गमनाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"न्हाई बाबा. ह्याचंबी गेलंय. दोघं एकाच आईचे, एकाच वेताचे."

"मग हा कामून गप हाय?"

"तेच तर कळून न्हाई राहिलं."

मामांनी मान हलवली. पुन्हा पहिल्याकडे वळले. म्हणाले, "चावल्यावर त्याला काही वाटतं का गं? मागाहून?"

अक्काचं ते ठरलेलं उत्तर आलं. "माहीत न्हाई, बाबा."

"मला वाटतं," मामा काचेकडेच बघत म्हणाले. "दर खेपेला."

मी टोपी हातात धरून दाराशी उभा होतो. तिथून निघून जावंसं वाटलं, पण पायातल्या पिशव्यांचा आवाज झाला असता.

दुसऱ्या दिवशी मामा कुणाला न सांगता एकटे लातूरला गेले. मास्तरांनी पुढं मला त्यांचं बोलणं सांगितलं. मामा उंबऱ्यावरच म्हणाले होते, "माझ्या लेकीनं सांगितलं ते खरं हाय. मी बेजार केलंय घराला. पोरगा माझ्यासारखा न्हाई. पण तुम्ही माझ्या शब्दावर जाऊ नका, पोराला चार वेळा भेटू द्या पोरीला." मास्तर काही उत्तर देणार तोच मुलगी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "मी तर त्याच दिवशी हो म्हणत होते. बाबाच विचार करून राहिले होते." तिला अक्काच पसंत पडली होती. दवाखान्यात रोज नातेवाइकांचं खोटं ऐकून ती कंटाळली होती. एक बाई विचारल्याबरोबर 'हाव' म्हणते, त्या घरात निदान काय आहे ते तरी कळेल, असा तिचा हिशोब. लग्न लातूरलाच झालं. पत्रिकेचं प्रूफ अक्कानं स्वतः तीनदा तपासलं. आणि मंडपात गुलाबपाण्याचा माणूस समोर आला तेव्हा मामांनी मध्ये पडून ते सगळं आपल्या अंगावर घेतलं.

ही गोष्ट इथं संपली असती तर मला फार आवडलं असतं.

गेल्या साली मामांना झटका आला. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली. जीव वाचला, चालू लागले, बोलू लागले, पण राग गेला. कमी झाला असं नाही, गेलाच. गिरणी भाड्यानं दिली तरी "बरं." पाणी आलं नाही तरी "बरं." आत्या शेजारणींना सांगते, म्हातारपणी देवमाणूस झाले हो, आणि सांगताना तिचे डोळे भरतात. मेंदूचा कुठला भाग गेला ते अक्काला ठाऊक आहे. तिनं फोटो पाहिले आहेत, आणि तिच्याइतकं ते वाचणारं आमच्यात दुसरं कुणी नाही. तरी ती दर रविवारी कंधारला जाते आणि बापाशी मुद्दाम वाद काढते. एकदा मीही सोबत होतो. तिनं राजकारण काढलं, शेजाऱ्यानं भिंत पुढं घेतली असं खोटंच सांगितलं. थोडं खोटं बोलायला ती आता शिकली आहे. मामा खाटेवर बसून हसतमुखानं मान हलवत होते.

दुपारची जेवणं झाली. ताटांची चळत घेऊन अक्का मोरीकडे निघाली. मध्येच थांबली, तिनं बापाकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हात सोडून दिले. सहा-सात स्टीलची ताटं फरशीवर पडून जो खणखणाट झाला, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. आत्या दचकून स्वयंपाकघराच्या दारात आली. मीसुद्धा सवयीनं भिंतीला टेकलो. एक ताट गोल फिरत फिरत खाटेच्या पायाशी जाऊन निजलं.

मामांनी मान वर केली. लेकीच्या पायांकडे पाहिलं.

"लागलं का गं, बाई?"

"न्हाई, बाबा," अक्का म्हणाली. ती फरशीवर बसली आणि एकेक ताट उचलून मांडीवर ठेवू लागली. मामा खाटेवरून वाकून पायाशी पडलेलं ताट तिच्याकडे सरकवत होते.